कुडपणचा घाट

आमच्या शाळेत मी शिकवीत असे आणि तो घंटा वाजवीत असे. निवृत्तीनंतर मी वसईला राहिलो, तो पोलादपूरच्या वर, कुडपणला आपल्या घरी गेला. पुढे तंबाखूने तोंड पोखरले आणि उपचारांसाठी त्याला पुन्हा मुंबई गाठावी लागली. केमोथेरपीबरोबर त्याला निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध अल्प मात्रेत मिळाले. हे महागडे औषध गरिबाच्या आवाक्यात यावे म्हणून टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी नेहमीच्या 240 ऐवजी अवघे 20 मिलिग्रॅम देऊन पाहिले होते. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण 16 वरून 43 टक्क्यांवर गेले.

त्याची गाठ आटली. आम्ही जपमाळेच्या वेळी देवाचे आभार मानले. काही महिन्यांनी फोनवर तो म्हणाला, "मास्तर, अंगात जीवच नाही. अन्नाचा वासही नको वाटतो." मी म्हणालो, "औषधाचा थकवा रे तो. धीर धर, देव पाहतो आहे." देवाचे नाव आपण किती सोयीने घेतो!

प्रायश्चित्तकाळात पत्नीसह त्याच्याकडे गेलो. आम्हांला पाहून तो खाटेवरून उठू लागला आणि घेरी येऊन कोसळला. पत्नी निवृत्त परिचारिका. तिने उपचारांचे कागद वाचले आणि म्हणाली, "सोडियम आणि कॉर्टिसॉल आजच तपासायला हवे." त्याच दुपारी आम्ही त्याला घेऊन घाट उतरलो.

हे औषध कर्करोगाला थेट मारीत नाही. शरीराच्या रक्षक पेशींचा लगाम सोडते. त्यांतला पीडी-1 हा लगाम जपानच्या तासुकु होन्जो यांनी 1992 साली शोधला. 2018 साली जेम्स अ‍ॅलिसन यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. पण सुटलेल्या पेशी कधी घरच्याच ग्रंथींवर उलटतात. बहुधा थायरॉइडवर, त्याच्या बाबतीत मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीवरही. डॉक्टरांनी आधी हायड्रोकॉर्टिसोन दिले, थायरॉइडची गोळी मागाहून. हा क्रम उलटला तर जिवावर बेतते.

"घरात कोणाला थायरॉइड?" त्यांनी विचारले. "नणंदेला आहे, तिच्या मुलीलाही," वहिनी म्हणाल्या. असा कल रक्तातून येतो आणि ज्यांच्यात तो असतो त्यांची थायरॉइड या औषधाने बिघडण्याचा संभव अधिक असतो. "म्हणजे माझ्या लेकरांनाही?" त्याने घाबरून विचारले. कल जाऊ शकतो, आजार जाईलच असे नाही, असे डॉक्टर म्हणाले. तरी तो बराच वेळ गप्प होता.

हायड्रोकॉर्टिसोन आता बहुधा जन्मभर. ताप आला तर मात्रा वाढवायची, उलट्या झाल्या तर इंजेक्शनसाठी घाट उतरायचा. रविवारी मिस्साहून आलो की मी फोन करतो.

"गोळ्या किती उरल्या?"

"एकवीस, मास्तर."