काच आणि काच यांच्यामधलं पाणी

मालवणच्या समुद्रात वाइड लेन्सशिवाय धड फोटो निघत नाही, असं मी म्हणते तेव्हा अंदमानला डायव्हिंग करून आलेली मंडळी हसतात. त्यांचंही खरंच आहे. तिकडचं पाणी नितळ, लांबून टिपलेलं कासवही स्वच्छ येतं. इथे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांत चांगल्या दिवशी पाच-सात मीटरवरचं दिसतं, वाईट दिवशी स्वतःच्या पायातले फिन्स दिसले तरी नशीब. आमचे तांडेलकाका तिथी बघून बोलतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तळ ढवळून निघतो, अष्टमीच्या सुमाराला भांगाचं पाणी त्यातल्या त्यात निवळलेलं असतं, आणि तेही सकाळी मतलई वाहतेय तोवरच. दुपारी खारा वारा सुटला की आवरतं घ्यायचं. उधाणाच्या दिवसांत मी कॅमेऱ्याची पेटी घेऊन जेटीवर उभी राहिले की काका पेटीकडे बघत म्हणतात, "बाय, पाणी चायसारखा झालाहा. आज कित्याक इलंस?"

गढूळ पाण्यावर उपाय एकच, जवळ जाणं. कॅमेरा आणि मासा यांच्यामधलं पाणी कमी झालं की मधले कण कमी होतात आणि रंग उरतात. पण हातभर अंतरावर गेलं की गोब्र्याचं नुसतं तोंड फ्रेममध्ये मावतं. त्यात हाउसिंगचं, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाणबंद पेटीचं, पुढचं पोर्ट सपाट काचेचं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्यामुळे पाण्यातून त्या काचेमागच्या हवेत शिरताना प्रकाश वाकतो आणि जमिनीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ७५ अंश बघणारी २८ मिमीची लेन्स पाण्याखाली जेमतेम ५५ अंश बघते. हे गमावलेलं भरून काढून वर घसघशीत जास्त देते ती वेट लेन्स. पुढे फुगीर काच असलेलं हे जड भिंग पोर्टला बाहेरून, ६७ मिमीच्या आट्यांवर फिरवून बसवायचं. शंभर ते १३० अंशांपर्यंतचं दृश्य मिळतं. पाण्याखाली असतानाच ते काढता-घालता येतं, हा त्याचा मोठा गुण. त्याची बहुतेक दुखणीही त्याच जोडावर उगवतात.

लेन्स घरी आली त्या दिवशी भावाने ती कॅमेऱ्याला लावून खिडकीबाहेर बघितलं. माड, कौलं, सगळं फुटलेलं आणि धुरकट. "ताई, माल खराब आलाय, परत पाठव," असं त्याने जाहीरही करून टाकलं. पण पोर्टची काच आणि भिंगाची मागची काच यांच्यामध्ये पाणी असणार, हे धरूनच माझ्या लेन्सची आखणी झालेली आहे. ती पाण्याची चकती म्हणजे या लेन्सचं एक भिंगच. तिच्या जागी हवा आली की चित्राची घडी विस्कटते. तेव्हा परीक्षा घ्यायची ती पाण्यातच. आमच्या विहिरीजवळ काळ्या दगडाची जुनी डोण आहे. ती काठोकाठ भरली, एका टोकाला शिंप्याची मापाची टेप ताणून धरली आणि दुसऱ्या टोकाकडून हाउसिंग बुडवून आधी सपाट पोर्टने, मग लेन्स लावून फोटो घेतले. आधी टेपचा मधला तुकडा आला होता. लेन्स लावल्यावर टेप, ती धरलेली भावाची बोटं आणि डोणीच्या दोन्ही कडा आत आल्या. आकडे कडेपर्यंत वाचता येत होते. आजही नवा जोड, नवी रिंग, काहीही आणलं की आधी डोण, मग समुद्र. घरात डोण नसेल त्याने पिंप घ्यावं, पण तपासणी चुकवू नये.

डोणीत उत्तीर्ण झालेली हीच लेन्स समुद्रात मात्र छळायला लागली. खोल खडकांवर, दहा-बारा मीटरला, फोटो स्वच्छ यायचे. वर येता येता किल्ल्याच्या बाजूला तीन-चार मीटरवर काढलेल्या फोटोंत वरचा भाग दुहेरी दिसायचा आणि मधून एक वाकडी, चकाकती रेघ जायची. उलटं असतं तर समजू शकलं असतं. खोलवर प्रकाश कमी, कॅमेरा गडबडतो. इथे उजेडातच बिघाड. आमचा गाइड म्हणाला, ऑटोफोकस. पुण्याच्या एका छायाचित्रकार स्नेह्याने फोटो बघून सांगितलं, काचेवर आतून दव धरलंय. तिसऱ्याने लेन्सला चरा गेल्याचं निदान केलं. तिन्ही शक्यता रास्त होत्या, म्हणून एकेक बाद करायची ठरवली.

चार मीटरवर एका पोरायटिस प्रवाळाच्या गोल ढेपेसमोर गुडघे टेकले, अर्थात वाळूत. प्रवाळावर टेकणाऱ्यांशी मी बोलत नाही. आधी लेन्ससह फोटो घेतला, रेघ आली. मग लेन्स काढून फोटो घेतला, चित्र अरुंद पण स्वच्छ. म्हणजे कॅमेरा, हाउसिंग, आतलं दव, तिघेही निर्दोष. पुढच्या डुबकीत लेन्स न काढता नुसती अर्धा फेरा सैल सोडली. चरा असता तर तो लेन्सबरोबर फिरून खाली यायला हवा होता. रेघ होती तिथेच, वर. कॅमेरा आडवा होता तो उभा धरला, तर रेघही फोटोच्या दुसऱ्या कडेला सरकली. समुद्राच्या हिशेबाने मात्र ती वरच राहिली. पाण्याखाली कायम वर राहण्याचा हट्ट धरणारी वस्तू एकच, हवा.

खोलीचं कोडंही त्यातच सुटलं. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि बंदिस्त बुडबुडा निम्मा होतो. तो आकसून पोर्टच्या वरच्या काठामागे, फ्रेमबाहेर, दडून बसायचा आणि मी वर आले की फुगून चित्रात डोकवायचा. बोटीच्या काठावरून पाठमोरी उडी घेताना लेन्स आट्यांवर घट्ट बसलेली असायची. पाणी फटीतून आत शिरायचं, पण सगळी हवा बाहेर पडायला वाट नसायची.

आता कॅमेरा घेऊन मी उडी मारत नाही. आधी मी पाण्यात उतरते, मग वरून कोणीतरी तो हातात देतो. दोन मीटरवर लेन्स दोन-तीन फेरे सैल करायची, फट वर येईल असं हाउसिंग कलतं करून हलकेच झटकायचं, बुडबुडे सुटले की परत घट्ट. एवढ्यानेही भागत नाही, कारण उन्हात तापलेल्या कोरड्या काचेला बारीक बुडबुडे चिकटून राहतात. ते बोटाच्या पेराने पुसावे लागतात. म्हणून डुबकीच्या आधी सगळा सरंजाम समुद्राच्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवते. बोटीवर रिकामी सापडणारी बादली बहुधा बांगड्यांची असते. दिवसभर लेन्सला तो वास येतो, फोटोत येत नाही.

काळ्या कोपऱ्यांची तक्रार त्यामानाने साधी. बरोबरच्या एका मुलीच्या कॅमेऱ्याचा झूम २४ मिमीपासून सुरू होत होता आणि लेन्स २८ साठी बनलेली. झूम किंचित पुढे नेला की कोपरे उजळतात. त्यातून काही मिलिमीटर जाडीचा अ‍ॅडॉप्टर मध्ये घातला की लेन्स पोर्टपासून लांब जाते, कोपरे पुन्हा कापले जातात आणि कडांवर जांभळट झालर येते. चुंबकावर चटकन बसणारे अ‍ॅडॉप्टर हल्ली सगळे घेतात. मला ते आवडत नाहीत. आपल्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत लोहखनिजाचे कण असतात, ते चुंबकाला जाऊन चिकटतात आणि लेन्स केसभर तिरकी बसते. ती दिसायला बसलेली असते, फोटोत एक बाजू मऊ येते. आट्यांना वेळ लागतो, पण आटे मिमीच्या अंशातही सरळ बसतात. फक्त बोटीवरून आल्या आल्या गोड्या पाण्यात भिजवून सोडवायचे. मीठ एकदा आट्यांत सुकलं की दोन माणसं आणि दोन रबरी हातमोजे लागतात, आणि पक्कड आणायला धावणाऱ्या काकांना आवरावं लागतं.

कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश या लेन्सबरोबर निकामीच समजावा. लेन्सचा घेर त्याच्या वाटेत येतो आणि फोटोच्या एका बाजूला काळी चंद्रकोर उमटते. ती बिघाड नव्हे, सावली. बाहेरचा स्ट्रोब घेऊन तो लांब हातावर, लेन्सच्या किंचित मागे ठेवला की सावलीही जाते आणि लेन्ससमोरचे कण थेट उजळत नाहीत.

फोकसबद्दल मात्र गाइडचं अर्धं खरं होतं. फुगीर काचेतून बाहेरच्या दृश्याची आभासी प्रतिमा लेन्सच्या अगदी पुढ्यात तयार होते. दोन मीटरवरचा खडकसुद्धा कॅमेऱ्याला हातभर अंतरावर भासतो. त्यामुळे फोकसची मर्यादा लांबच्यासाठी लावलेली असली तर बिचारा पुढे-मागे शोधत राहतो. जवळची मर्यादा लावली की शांत होतो. ती आभासी प्रतिमा वक्र असते, म्हणून छिद्र उघडं ठेवलं तर मध्य धारदार आणि कोपरे लोळलेले. एफ ५.६ च्या पुढे गेलं की बरंच सावरतं. दव धरतं तेही खरं, पण त्याची खूण वेगळी: मधोमध पांढुरका ढग, डुबकीला दहा-पंधरा मिनिटं झाल्यावर येणारा आणि लेन्स काढली तरी न हटणारा. मालवणच्या दमट हवेत हाउसिंग जेटीवर उघडणं म्हणजे ते बोलावून घेणं. मी ते रात्रीच एसीच्या खोलीत बंद करते, आत सिलिका जेलची पुडी टाकून.

एक कोपरा अजून ताब्यात आलेला नाही. डावीकडचा, खालचा. लेन्स कितीही फिरवली तरी मऊपणा तिथेच राहतो, अर्थात दोष लेन्सकडे नाही. डोणीत पुन्हा टेप लावून बघितलं तेव्हा कळलं की हाउसिंगमध्ये कॅमेराच किंचित कलता बसतोय. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून त्याच्या बुडाशी सरकवली, तर निम्मा फरक पडला. अजून जाड पट्टी घातली की झाकण लागत नाही, आणि झाकणाच्या रबरी रिंगशी मला खेळायचं नाही. तेव्हा तिथे वाळू किंवा नुसतं हिरवट पाणी येईल अशी फ्रेम धरते. किल्ल्याजवळचे पट्ट्यापट्ट्यांचे सार्जंट मासे पर्यटकांच्या पावाला सोकावलेले, माणूस दिसला की घोळका करून येतात आणि हटकून त्याच कोपऱ्यात शिरतात.