ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

"ओटीपी आला का?" हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत आमच्या सांगली-साताऱ्याच्या घराघरांत किती वेळा विचारला गेला असेल, याची मोजदाद नाही. बाई स्वयंपाकघरातून विचारते. उत्तर बाहेरच्या खोलीतून येते, नाहीतर दुकानातून, नाहीतर हायवेवरच्या ट्रकमधून. कधी येतच नाही. दहा मिनिटे संपतात आणि पुन्हा पहिल्यापासून सगळे करावे लागते.

आम्ही एकाच उर्दू शाळेत शिकवणाऱ्या चौघीजणी. दोघींचे माहेर साताऱ्याचे, संसार आणि नोकरी सांगली-मिरजेत. वर्गात उर्दू आणि मराठी शिकवायची, ऑफिसात मराठीत अहवाल लिहायचे आणि घरी दखनी बोलायची, असा आमचा दिनक्रम. महिला दिनाला शाळेत 'स्त्री आणि तंत्रज्ञान' या विषयावर भाषणे होतात. मुली इस्रोतल्या शास्त्रज्ञ बायकांविषयी बोलतात, 1997 साली अंतराळात गेलेल्या कल्पना चावलांविषयी बोलतात. बोलावेच. पण टाळ्या वाजवताना आमच्या डोळ्यांपुढे या मुलींच्या अम्मी असतात. त्यांना यंत्र चालवता येत नाही, हे खरे नाही. सहा महिन्यांत त्या व्हिडिओ कॉल शिकल्या, रिचार्ज शिकल्या, शिवणकामाचे नमुने यूट्यूबवरून उतरवायला शिकल्या. अडते ते दुसरीकडेच. यंत्र त्यांच्या नावावर नसते.

हे आमच्या ध्यानात आले जुलै 2024 मध्ये. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे अर्ज भरणे सुरू झाले. 21 ते 65 वयाच्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईला महिना 1500 रुपये. सेतू केंद्रांपुढे आणि अंगणवाड्यांपुढे रांगा लागल्या. 'नारीशक्ती दूत' ॲप चालता चालता थांबायचे. शाळा सुटल्यावर पालक बायका आमच्याकडे यायच्या, "बाजी, जरा भर के देव ना." व्हरांड्यात सतरंजी टाकून आम्ही फॉर्म भरायला बसायचो. नाव, जन्मतारीख, आधार, पासबुक इथपर्यंत सगळे सुरळीत. मोबाईल नंबरच्या रकान्याशी आले की गाडी अडायची.

"नंबर तो इनोंका है."

कोणाचा शौहरचा, कोणाचा देवराचा, कोणाचा पुण्यात कंपनीत असलेल्या मुलाचा. एकीने गल्लीतल्या किराणा दुकानदाराचा नंबर दिला, कारण दहा-बारा वर्षांपूर्वी आधार काढायला रांगेत उभे असताना तोच शेजारी होता आणि त्याच्याच खिशात फोन होता. बाईच्या कार्डाला कायमचा चिकटलेला नंबर असा त्या दिवशी कोण बरोबर होते यावर ठरला. देशातले पहिले आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी एका बाईला, रंजना सोनवणे यांना मिळाले. सुरुवात बाईपासून झाली होती. आधार तिचा, नंबर दुसऱ्याचा, हे पुढे घराघरांत होत गेले.

ही केवळ आमच्या मोहल्ल्याची रड आहे, असे कोणी समजू नये. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांना विचारले होते, की तुम्ही स्वतः वापरता असा तुमचा मोबाईल आहे का? 'हो' म्हणणाऱ्या होत्या 54 टक्के. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या बायका 33 टक्के, पुरुष 57 टक्के. लॉकडाऊनमध्ये आम्ही ऑनलाईन वर्ग घेत होतो तेव्हा हीच तफावत पडद्यावर दिसायची. फोन अब्बांबरोबर कामावर जायचा. संध्याकाळी तो घरी आला की आधी भावाचा नंबर लागायचा आणि रात्री दहाला मुलीचा गृहपाठ यायचा, वहीच्या पानाचा अंधुक फोटो.

आता कोणी म्हणेल, तुमच्या हातात तर फोन आहे, तुम्ही तरी सुखी असाल. फोन आमच्या नावावर आहे, सिम आमच्या पगारातून आहे, अल्हम्दुलिल्लाह. पण आमचा वेळ त्याच्या नावावर झाला. सरल पोर्टल, यू-डायस, विद्यार्थ्यांची आधार पडताळणी, अपार आयडी... शाळेत नेट चालत नाही म्हणून माहिती घरी भरायची. रात्री साडेनऊला ग्रुपवर संदेश पडतो, 'उद्या सकाळी अकरापर्यंत'. चपातीच्या पिठाचे बोट पुसून आम्ही तक्ता उघडतो. पुरुष शिक्षकांनाही तोच संदेश येतो, हे कबूल. फरक एवढाच की त्यांना चपाती लाटून मिळालेली असते. 'आजची स्त्री सगळे सांभाळते' असे कौतुक होते तेव्हा आम्हाला त्या कौतुकाचा जरा धाकच वाटतो. सगळे सांभाळते म्हणजे कोणाचेच काही कमी झाले नाही, तिचे मात्र वाढले.

या बाबतीत अंगणवाडीच्या ताईंनी आमच्यापेक्षा हिंमत दाखवली. सरकारने त्यांना मोबाईल दिले, त्यावर पोषण ट्रॅकर ॲप आले. फोन कमी ताकदीचे, गरम व्हायचे, बंद पडायचे, दुरुस्तीचा खर्च ताईंच्या माथी, आणि ॲप इंग्रजीत. ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रभरच्या अंगणवाडी सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. तेव्हा आमच्या ओळखीतले काही शिकलेले लोकही म्हणाले, या बायकांना तंत्रज्ञान नको आहे. तसे नव्हते. त्यांचे म्हणणे होते की फोन चांगला द्या आणि भाषा आमची द्या. वाईट यंत्र परत करणे ही यंत्र समजल्याची खूण आहे.

मग सप्टेंबर 2025 मध्ये लाडक्या बहिणींना ई-केवायसी करायला सांगितले गेले आणि आमचा व्हरांडा पुन्हा भरला. या वेळी बाईच्या आधारचा ओटीपी पुरेसा नव्हता. लग्न झालेल्या बाईला शौहरच्या आधारचा ओटीपी लागणार होता, लग्न न झालेल्या मुलीला वडिलांच्या. घरच्या उत्पन्नाची पडताळणी करायची म्हणून असे केले, हे आम्ही समजू शकतो. पण ज्या बाईचा शौहर मिरजेहून द्राक्षे भरून ट्रक घेऊन गेला आहे, ती दहा मिनिटांत ओटीपी कुठून आणणार? त्याने गाडी बाजूला घेऊन फोन उचलावा यासाठी तिने दुआ मागायची? तो ट्रकवाला भला माणूस होता, तिसऱ्या दिवशी ढाब्यावर थांबून त्याने नंबर सांगितला.

सगळे भले नसतात. आमची एक जुनी विद्यार्थिनी दोन वर्षांपासून माहेरी आहे. तलाक झालेला नाही, नांदणेही नाही. वडिलांचा इंतकाल झालेला. विधवा आणि घटस्फोटित बायकांसाठी सरकारने नंतर वाट काढली, दाखल्याची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची. हिच्याकडे कोणताच दाखला नाही. मोडलेल्या संसाराला दाखला नसतो. तिने मन घट्ट करून शौहरला फोन लावला. तो म्हणाला, ओटीपी सांगतो, पण आधी सामानाची यादी सोडून दे आणि मेहर माफ केली असे लिहून दे.

पंधराशे रुपयांसाठी मेहर! आम्ही चौघी किती तरी वेळ गप्प बसलो होतो.

मेहर बायकोची स्वतःची मिळकत आहे, हे आपल्या घरात लहान मूलही जाणते. वडिलांचा त्यावर हक्क नाही, भावाचा नाही. निकाहाच्या वेळी वकील आणि दोन गवाह मुलीजवळ जातात आणि तिची मर्जी विचारतात. बाहेर मांडवात चारशे माणसे जेवणाची वाट पाहत असतात, पण तिच्या 'कुबूल'शिवाय गाडी पुढे सरकत नाही. ओटीपी म्हणजे तरी दुसरे काय? 'हे माझ्या मर्जीने होत आहे' असे सांगणारे सहा आकडे. बँक प्रत्येक संदेशात बजावते, हे आकडे कोणाला सांगू नका. आणि आमच्या बायकांचे आकडे आधी दुसऱ्याच्या हातात पडतात, मग त्यांना कळतात. निकाहात जी मर्जी आपण तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मानत नाही, ती बँकेत आणि सरकारदरबारी तिच्या वतीने कोणीही देतो, आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही.

यावर उपाय शोधायला फार लांब जायला नको. आमच्या माहेरच्या जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या म्हसवडला, 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने दुष्काळी भागातल्या कष्टकरी बायकांनी ती उभी केली. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला होता, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. बायका अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो, तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. परवाना मिळाला.

याच बँकेची दुसरी गोष्ट आम्हाला जास्त मोलाची वाटते. ती चेतना सिन्हा यांनीच जाहीर भाषणात सांगितलेली आहे. बायकांना इलेक्ट्रॉनिक कार्ड आणि पिन नंबर द्यायचे ठरत होते. बायकांनी पिनला नकार दिला. त्यांचे म्हणणे असे, की पिन कोणीही काढून घेईल आणि पैसे जातील, अंगठा कोण नेणार? आम्हाला अंगठ्यावर चालणारे द्या. तंत्रज्ञांच्या डोक्यात जे आले नाही, ते या बायकांना आपल्या घराच्या अनुभवातून आधीच ठाऊक होते. सावित्रीबाई फुल्यांचे नायगाव याच सातारा जिल्ह्यातले. पुण्यात त्यांच्याबरोबर फातिमा शेख यांनी मुलींना शिकवले, ते बायका अंगठाछाप राहू नयेत म्हणून. त्याच जिल्ह्यात दीडशे वर्षांनी बायका अंगठा मागतात. पण पूर्वीचा अंगठा कोणीतरी धरून कागदावर उमटवायचा, हा अंगठा त्या स्वतः ठेवणार होत्या.

अंगठा म्हणजे सगळ्यावर इलाज, असेही नाही. सांगलीत हळद निवडून, भांडी घासून ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या आहेत, त्यांना रेशन दुकानातले यंत्र ओळखत नाही. तिथे अंगठा दहादा दाबूनही रिकामी पिशवी घेऊन परतणाऱ्या म्हाताऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. म्हणून आमचे मत असे, की पिन की अंगठा, हे त्या बाईला विचारून ठरवावे. म्हसवडला विचारले गेले, एवढेच तिथले वेगळेपण.

2024-25 पासून राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या अनेक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली. आमच्या मुली आता अभियांत्रिकीचे नाव काढतात, सांगलीच्या वालचंद कॉलेजचे फाटक बाहेरून पाहून येतात. 1947 पासूनचे कॉलेज, पण आमच्या गल्लीतल्या मुलीला ते आता कुठे आपले वाटू लागले आहे. प्रवेशाचा फॉर्म भरताना मात्र ईमेल सायबर कॅफेवाल्याचा आणि मोबाईल मामूंचा! कोणत्या फेरीत कोणते कॉलेज लागले, हे तिच्या आधी मामूंना कळणार. मामू कामात विसरले, तर जागा स्वीकारायची मुदत निघून जाणार. मुलीच्या हातात फोन दिला तर ती बिघडेल, ही भीती आई-बापांच्या मनात असते. आम्हीही आया आहोत, ती भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण साधा, बटनांचा, इंटरनेट नसलेला फोनही ओटीपी घेतो. तेवढ्याने तर कोणी बिघडत नाही ना?

त्या आमच्या विद्यार्थिनीने काही लिहून दिले नाही. "बाजी, पंधराशे गए तो गए," असे म्हणाली. मग आमच्यातल्या एकीबरोबर जाऊन तिने स्वतःच्या नावावर सिम घेतले, आधार केंद्रात रांग लावून ते कार्डाला जोडले आणि बँकेतही तोच नंबर बदलून घेतला. शिलाईचे पैसे आता त्या खात्यात येतात. योजनेचे पैसे थांबलेलेच आहेत, त्यासाठी तिने अर्ज दिला आहे. मेहरचे काय करायचे, ते ती आणि तिची अम्मी वकिलाला विचारून ठरवणार आहेत.

शाळेत आम्ही या वर्षी एवढेच केले, की पालकांच्या नोंदवहीत एक रकाना वाढवला, 'आईचा स्वतःचा नंबर'. वडिलांचा तिथे चालणार नाही, असे मुलींना सांगितले. पहिल्या दिवशी निम्म्याहून अधिक रकाने रिकामे आले. नववीतल्या एका मुलीने विचारले, "बाजी, अम्मी का नहीं है, दादी का है. चलेगा?" आम्ही चालेल म्हटले. दादींचा नंबर तिने वहीत न पाहता, तोंडपाठ सांगितला.