फॅन डायरेक्ट करण्याआधी

जुनी टर्बो डिझेल गाडी तापायला लागली की आपल्याकडच्या गॅरेजांत दोन उपाय ठरलेले: थर्मोस्टॅटचा व्हॉल्व काढून टाकायचा आणि फॅन डायरेक्ट करायचा, म्हणजे तो सतत चालू राहील असा जोडायचा. कित्येक वर्षं मी या उपायांच्या बाजूने बोलत आलो. आपलं ऊन, त्यात भरल्या गाडीने कशेडी घाट चढायचा. इंजिन जितकं थंड तितकं बरं, असं मला मनापासून वाटे. आता तसं वाटत नाही.

मत बदललं ते माझ्याच गाडीमुळे. तापमानाचा काटा खालीच, फॅन थांबायचं नाव नाही, सकाळी काळा धूर. स्कॅनरवर कोड आला पी ०११८. कूलंटच्या तापमानाचा नवा सेन्सर बसवला तरी तेच. शेवटी एका वायरमनने मल्टिमीटर लावला. कोकणातल्या पावसाळ्यांनी कनेक्टरची एक पिन हिरवी पडून कुजली होती.

तो कोड सेन्सर खराब असल्याचं सांगतच नाही. सर्किटमधला व्होल्टेज प्रमाणाबाहेर वर गेलाय, एवढंच सांगतो. सेन्सर तापला की त्याचा रोध घटतो. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास असलेला रोध ८० अंशांना तीनशेवर येतो. गंजाने तो वाढला की ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, इंजिन आहे त्याहून थंड भासतं. तार तुटली तर थेट उणे ४० अंश. मग डिझेल जास्त सुटतं. घाटात इंजिन खरोखर उकळत असताना काटा खाली राहणं, याची मला सर्वांत जास्त भीती वाटते.

व्हॉल्व काढण्याचं नुकसान सावकाश होतं, म्हणून ते कुणी मोजत नाही. कायम थंड चालणाऱ्या इंजिनात न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं; आणि टर्बोचा शाफ्ट त्याच ऑइलच्या थरावर फिरतो. डायरेक्ट फॅन तर दोष झाकून ठेवतो. रेडिएटर चोंदलाय की वॉटरपंप थकलाय, हे कळायचं कसं?

रात्रभर उभ्या गाडीचं बोनेट उघडण्याआधी स्कॅनरवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही जवळपास सारखी हवीत. नसतील तर कूलंटची पातळी, कनेक्टर, तारा आणि मग सेन्सर, या क्रमाने तपासा. आणि कुणी फॅन डायरेक्ट करायला निघालं, तर त्याला आधी मीटर लावायला सांगा.