शिवणीतली माया

मावशीची पत्र्याची ट्रंक उघडली की आधी डांबरगोळ्यांचा वास नाकात शिरायचा, मग त्याच्यामागून घडी न मोडलेल्या रेशमाचा, मग शिलाई मशीनच्या तेलाच्या कुपीचा आणि सगळ्यात शेवटी, नाक जरा खाली नेलं तर, जाड परदेशी पुठ्ठ्याचा एक कोरडा गोडसर वास, जो आमच्या घरातल्या दुसऱ्या कुठल्याच वस्तूला नव्हता. तो वास रेकॉर्डच्या कव्हरांचा. 1973 साली लग्न होऊन मावशी शिकागोला गेली आणि 1984 साली काकांबरोबर कायमची पुण्याला परत आली. येताना तिने लुगड्या-पातळांच्या घड्यांत एकेक रेकॉर्ड अशी निजवून आणली होती, जसं तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळून आणावं.

त्यातल्या एका कव्हरवर कुरळ्या केसांची एक तरुण बाई होती. निळ्या जाड्याभरड्या जीनचा, खांद्यावर पट्टे असलेला पोशाख, हातात आईस्क्रीमचा कोन, आणि ते आईस्क्रीम वितळून तिच्या बोटांवरून ओघळत चाललेलं. मी तेव्हा नऊ वर्षांची. मोठ्या माणसाने हातावर आईस्क्रीम सांडून घ्यावं आणि कुणी त्याला रागावू नये, याचं मला एवढं अप्रूप वाटलं की मी ते कव्हर मांडीवर घेऊन किती तरी वेळ नुसती बघत बसले होते. ‘परफेक्ट एंजल’, साल 1974. गाणारीचं नाव मिनी रिपर्टन.

मे महिन्याची दुपार होती. वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडलेलं, स्वयंपाकघरात पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्या निवत ठेवलेल्या, काका आतल्या खोलीत झोपलेले म्हणून आवाज अगदी बारीक केलेला. मावशीने पदराने रेकॉर्ड पुसली, सुई अलगद टेकवली, थोडी खरखर झाली आणि मग एक पक्षी बोलला. मी उठून खिडकीपाशी धावले. बाहेर ऊन तापलेलं, शेवग्याच्या झाडावर चिटपाखरू नव्हतं. मावशी हसली नाही. म्हणाली, “मीसुद्धा अशीच धावले होते गं.”

तिची गोष्ट 1975च्या वसंताची. शिकागोला वसंत म्हणजे नुसतं कॅलेंडरवरचं पान. एप्रिल उजाडला तरी बर्फ होता आणि कितीतरी महिने तिच्या कानावर पक्ष्याचा आवाज पडला नव्हता. काका कामावर गेले की दिवसभर घरात ती आणि रेडिओ. ओट्यापाशी कणीक मळताना तिला चिवचिव ऐकू आली, तशी ती पिठाच्या हातांनी खिडकीशी गेली. खाली पांढरा रस्ता आणि गाड्यांच्या टपांवर बर्फ. पक्षी रेडिओत होता. त्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ‘लव्हिन यू’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं, ते मावशीला कुठून ठाऊक असणार. तिला एवढंच कळलं की या परक्या गावात कुणीतरी तिच्या कानाशी येऊन अंगाई म्हणतंय.

आणि ती अंगाईच होती, हे तुम्हाला सांगायलाच हवं. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल गावी मिनी आणि तिचा नवरा रिचर्ड रूडॉल्फ काही काळ गाण्याच्या बाजारापासून लांब जाऊन राहिले होते, तिथे 1972च्या जुलैत त्यांना मुलगी झाली, आणि तिला शांत करायला जी चाल घरात गुणगुणली जायची तिचंच पुढे हे गाणं झालं. लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रण करताना फक्त रूडॉल्फची गिटार आणि स्टीव्ही वंडरचा इलेक्ट्रिक पियानो, बस. ढोलक नाही, ताशा नाही, ठेका धरणारं काहीच नाही. खिडकीबाहेरच्या एका पक्ष्याचा आवाज टेपवर उतरला, तो त्यांनी पुसला नाही, राहू दिला. स्टीव्ही वंडर दुसऱ्या कंपनीशी करारात बांधलेला म्हणून त्या रेकॉर्डवर वादक म्हणून त्याने स्वतःचं नाव न घालता ‘एल तोरो नेग्रो’, म्हणजे काळा बैल, असं टोपणनाव घातलं. एवढा मोठा माणूस एका बाईच्या अंगाईसाठी नाव झाकून पियानोवर बसतो, हे मला फार मोठं वाटतं.

मावशीने रेकॉर्ड विकत आणली ती रेडिओवरचं गाणं हवं तेव्हा ऐकता यावं म्हणून. पण रेकॉर्डवर ते रेडिओपेक्षा लांब निघालं. शेवटी शेवटी शब्द विरतात, चाल नुसती झुलत राहते, आणि मिनी एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणते, अगदी खालच्या, घरच्या आवाजात: माया.

मावशीने सुई उचलून परत मागे ठेवली. पुन्हा तेच. तिला वाटलं, आपल्याला घरची आठवण फार येते म्हणून असं ऐकू येतंय. काका आल्यावर त्यांना ऐकवलं, तेही म्हणाले, “माया म्हणतेय खरी.” ती बाई आपला शब्द कुठून शिकली, यावर दोघांनी रात्री जेवताना पुष्कळ विचार केला म्हणे. माया हे त्या लेकीचं नाव, हे मावशीला कळलं ते चार वर्षांनी, मिनी गेल्याची बातमी पेपरात आली तेव्हा. पण तोवर तिने तो शब्द आपल्या अर्थाने इतक्या वेळा ऐकला होता की खरं कळूनही तिच्या लेखी काही बदललं नाही, आणि तिच्याकडून तो माझ्याकडे आला तोही त्याच अर्थाने.

आणखी एक अर्थ होता. मावशी शिवण करायची. शिकागोत तिच्या ओळखीतल्या सगळ्या मराठी बायकांचे ब्लाऊज तीच शिवायची, पुण्यात आल्यावरही गिऱ्हाईक तुटलं नाही. मी तिच्याजवळ बसून काजं-बटणं करायला शिकले, तेव्हा तिचं एक सांगणं कायमचं: “माया सोडायला विसरू नकोस.” शिवणीच्या आत कापडाची जी जादा पट्टी ठेवतात ती माया. उद्या अंग भरलं, दिवस गेले, तर टीप उसवून कपडा सैल करता येतो. माया सोडली नसेल तर काहीच करता येत नाही, चांगला कपडा टाकून द्यावा लागतो. तिच्या ब्लाऊजना दोन्ही बाजूंनी बोट-बोट माया असायची. आणि ती म्हणायची की रेडिओवाल्यांनी त्या गाण्याची मायाच कापून टाकली. शब्दशः खरं होतं ते. रेडिओसाठी गाणं आखूड केलं तेव्हा शेवटचा तो लेकीच्या नावाचा भाग गेला. तो फक्त मोठ्या रेकॉर्डवर उरला. म्हणून ज्यांनी मिनीला नुसतं रेडिओवर ऐकलं त्यांच्या लक्षात तिचा तो वरचा, शिट्टीसारखा सूर राहिला, आणि ज्यांच्या घरी रेकॉर्ड होती त्यांच्या लक्षात माया.

त्या वरच्या सुराबद्दल बोलायला हवं, नाही बोललं तर खोटं होईल. तो सूर ऐकताना माणूस श्वास धरतो. तार सप्तकाच्याही पलीकडे, जिथे आपण आवाज संपला असं मानतो तिथून तो सुरू होतो, आणि तिथे तिला कसलाच ताण नाही, गळ्याची शीर फुगत नाही, शब्दसुद्धा ती तिथे स्वच्छ उच्चारते. पाच सप्तकांचा गळा असं तिच्याविषयी लिहितात. पण माझं म्हणणं असं, की त्या सुराने तिच्यावर अन्याय केला. लोक तो ऐकून टाळ्या वाजवून निघून गेले, जसं उंच झोका बघून जावं. झोका ज्या झाडाला बांधलाय त्याकडे कुणी पाहिलं नाही. ते झाड म्हणजे तिचा मधला आवाज. उन्हात वाळत घातलेल्या मलमलीसारखा, हलका, ऊबदार. ‘इनसाइड माय लव्ह’ ऐका, ती जवळजवळ बोलतेच आहे.

मावशीला नंतर कळलं की मिनी शिकागोचीच. दक्षिण शिकागोत आठ भावंडांतली सगळ्यात धाकटी, वडील रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांत पोर्टर. लहानपणी ऑपेराच्या गाण्याची रीतसर तालीम झालेली. म्हणजे तो गळा नुसता देवाने दिलेला नव्हता, घासूनपुसून तयार केलेला होता. पण पोटासाठी तिने ‘चेस रेकॉर्ड्स’च्या दारातलं टेबल सांभाळलं, येणाऱ्याजाणाऱ्यांना बसा म्हटलं, फोन घेतले, आणि मध्येच कुणाच्या गाण्यामागे कोरस हवा असला की उठून माइकसमोर उभी राहिली. 1965चं फॉन्टेला बासचं ‘रेस्क्यू मी’ गाजलं, त्याच्या मागच्या आवाजांत ही आहे. मी ते गाणं लावते तेव्हा पुढची गायिका ऐकायचीच विसरते, मागेच कान लावून बसते, गर्दीच्या लग्नात आपलं माणूस शोधावं तशी.

तिची पहिली स्वतंत्र रेकॉर्ड, ‘कम टू माय गार्डन’, 1970 सालची. चार्ल्स स्टेपनी नावाच्या शिकागोच्याच संगीतकाराने तिच्याभोवती व्हायोलिनांचं आणि तुताऱ्यांचं असं रान उभं केलंय की पहाटे दवात भिजलेल्या बागेतून चालल्यासारखं वाटतं. ती रेकॉर्ड फारशी खपली नाही. त्यातलं पहिलं गाणं, ‘ले फ्लर’, एका फुलाच्या तोंडचं आहे. इतकी सुंदर गोष्ट दुकानाच्या फळीवर धूळ खात पडली, याचं मला अजूनही वाईट वाटतं, जणू माझ्याच घरच्या कुणाला दारातून परत लावलं असावं.

पुढचं लवकर सांगते. 1976 साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, तिला स्तनाचा कर्करोग निघाला, एक स्तन काढावा लागला. ज्या काळात बायका हा शब्द घरातसुद्धा कुजबुजत बोलायच्या, त्या काळात तिने त्याच वर्षी टीव्हीवर बसून तो उघड सांगितला, आणि मग अमेरिकन कॅन्सर सोसायटीसाठी गावोगाव बोलत फिरली. गाणं सोडलं नाही. शेवटी शेवटी उजवा हात सुजून जागच्या जागी थिजला होता, तरी ती गायला उभी राहिली, एका जागी धरलेला हात आणि वर तोच मोकळा, न कुरकुरणारा आवाज. 1979 साली ‘मिनी’ नावाची रेकॉर्ड आली. तिच्यातलं ‘मेमरी लेन’ एका जुन्या फोटोवरून सुरू होतं. ते मी वर्षातून एकदाच ऐकते, आणि तेव्हा घरात एकटी असते.

12 जुलै 1979ला ती गेली. वय एकतीस. लेकीला सात वर्षं पूर्ण व्हायला पंधरा दिवस होते.

त्या पंधरा दिवसांवर माझं मन नेहमी अडखळतं. वाढदिवसाचा केक, फुगे, घरात शिजवलेलं काहीतरी, आणि ज्या नावावर गाणं संपतं ते नाव त्या सुरात हाक मारणारी तेवढी नाही. ती लेक मोठी होऊन अभिनेत्री झाली, विनोदी भूमिकांसाठी सगळी अमेरिका तिला ओळखते, माया रूडॉल्फ. आपल्या आईचा आवाज दुकानात, टॅक्सीत, लिफ्टमध्ये, अचानक, कुणीही न लावता ऐकू येत असेल तर कसं वाटत असेल? आपल्यापैकी पुष्कळांकडे आईच्या आवाजाचा दहा सेकंदांचाही तुकडा नाही. माझ्याकडे मावशीचा नाही.

मिनी गेल्यावर तिचे उरलेले सूर घेऊन मित्रांनी 1980 साली एक रेकॉर्ड पुरी केली. स्टीव्ही वंडर, मायकेल जॅक्सन, रॉबर्टा फ्लॅक, जॉर्ज बेन्सन, सगळे तिच्या आवाजाभोवती येऊन बसले, जसे लोक दिवसकार्याला येऊन बसतात आणि काहीतरी काम हातात घेतात. पुढे हिपहॉपवाल्या मुलांनी तिचे तुकडे उचलून आपल्या गाण्यांत गुंफले. 2019 साली एका भयपटाच्या अखेरीला ‘ले फ्लर’ वाजलं आणि माझ्या भाचीने मला फोन करून विचारलं, “ही कोण गं?” तिच्या आवाजात तीच घाई होती, खिडकीकडे धावण्याची. मी तिला गाण्याचं नाव सांगितलं, आणि म्हटलं, मोठ्या रेकॉर्डवरचं ऐक, छोटं नको.

मावशी गेली त्या वर्षी तिचे कपडे वाटताना एक ब्लाऊज मी ठेवून घेतला. जांभळा, इरकली खणाचा, तिने शिकागोला शिवलेला. धुऊन धुऊन उतरलेला रंग, राखाडीच म्हणायचा. मला तो दंडात घट्ट होत होता. परवा दुपारी मी रेकॉर्ड लावली, खिडकीपाशी बसले आणि ब्लेडने हळूहळू टीप उसवायला घेतली. दोरा जुना, एकेक टाका तटकन तुटत होता. शिवण उलगडली आणि आतली बोटभर माया बाहेर आली, तर ती गर्द जांभळी, जशी दुकानातून आणली त्या दिवशीची. इतक्या वर्षांत तिला ना ऊन लागलं होतं, ना पाणी. काठाला खडूची एक पुसट रेघ होती, मावशीने आखलेली. मी ती नखाने खरवडली नाही. पलीकडे गाणं शेवटाला आलं होतं, शब्द संपले होते, मिनी लेकीचं नाव घेत होती, आणि तिच्या खिडकीतला पक्षी अधूनमधून बोलत होता.