बारा जीबीची शून्यं

‘मेमरी एरर’ हे दोन शब्द आमच्या बीसीएच्या वर्गात सगळ्यांना पाठ आहेत. त्यावरचं औषधही सगळ्यांचं एकच: ‘नवा लॅपटॉप घे की!’ मी ते औषध घेतलं नाही, त्याची ही हकिकत.

मंडळाच्या जुन्या अंकांत कोणता शब्द कोणत्या शब्दाच्या शेजारी येतो, हे मोजायचं काम मी घेतलं होतं. आपण बेळगावात बोलतो ती मराठी कागदावर किती उतरते, हे मला बघायचं होतं. टाइप केलेल्या मजकुरात वेगवेगळे शब्द निघाले सुमारे ४०,०००. नमपायकडे ४०,००० बाय ४०,००० चा तक्ता मागितला. उत्तर आलं, ११.९ जीबी जागा देता येत नाही.

माझा लॅपटॉप ८ जीबीचा. रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली, म्हणजे वाढवायची सोय नाही. आई भिशीचे पैसे द्यायला तयार झाली. ते पैसे पावसाआधी कौलं बदलायला ठेवलेले. इथला पाऊस माहीत असणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. “आठ दिवस थांब,” मी आईला म्हटलं आणि कागद घेऊन हिशेबाला बसले.

४०,००० गुणिले ४०,००० म्हणजे १६० कोटी घरं. नमपाय काही सांगितलं नाही तर प्रत्येक घराला ८ बाइट देतं. झाले १,२८० कोटी बाइट. मोजायला पूर्णांक पुरतात, म्हणून २ बाइटचा प्रकार घेतला तर तक्ता ३ जीबीवर येतो. पण दोन तक्त्यांची बेरीज केली की तिसरा तयार होतो, तोही तेवढाच. शिवाय पायथॉन ३२-बिटचं असेल तर रॅम कितीही असो, ४ जीबीच्या पलीकडे हात पोचतच नाही. माझं ६४-बिटचं होतं, ती शंका मिटली.

लॅबमधल्या लिनक्सवर तोच शून्यांचा तक्ता निमूट तयार झाला. आनंद थोडाच टिकला. लिनक्स जागेचं नुसतं वचन देतं, खरी जागा आकडे लिहायला लागल्यावर लागते. अर्ध्यात प्रोग्राम मारला गेला.

“काय करायलीस इतक्या रात्री?” बाबांनी विचारलं. ते उद्यमबागेत फौंड्रीत आहेत. मी तक्ता दाखवला. ते म्हणाले, “सगळी शून्यंच दिसायलीत. शून्यं कशाला साठवतीस?”

खरंच होतं. ज्या जोड्या अंकांत येतात त्या जेमतेम १२ लाख. बाकी सगळी शून्यं. सायपायमध्ये विरळ तक्ता असतो, तो फक्त भरलेली घरं ठेवतो: ओळ, स्तंभ, आकडा. प्रत्येकी १२ बाइट. सगळं मिळून १५ एमबीच्या आत! अंकही एकेक करून वाचले, सगळे एकदम उघडले नाहीत.

त्यातून कळलं ते असं: ‘करायलोय’, ‘बघायलीस’ ही आपली रूपं जुन्या अंकांत आहेत, पण जवळजवळ सगळी अवतरणचिन्हांच्या आत. पात्रं बोलतात, लेखक बोलत नाहीत. पुढच्या अंकासाठी लिहिणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

कौलं मे महिन्यात बदलून झाली.