हुर्डा आणि आचारसंहिता

आमच्या युनियनच्या निवडणुकीत मला निवडणूक अधिकारी नेमण्यात आलं, त्याचं कारण माझी निःपक्षपाती वृत्ती, असं इतिवृत्तात लिहिलेलं आहे. खरं कारण एवढंच, की मी त्या सभेला उशिरा पोहोचलो. कॅश टॅली झाल्याशिवाय उठायचं नाही हा बँकेचा नियम. आणि गैरहजर माणसाच्या गळ्यात काम घालायचं हा युनियनचा. मी दारात चपला काढतोय तोवर आत टाळ्या सुरू झाल्या. मला वाटलं, कुणाचा तरी सत्कार आहे. म्हणून मीही वाजवल्या. ठराव एकमताने मंजूर झाला तो असा, माझ्या टाळ्यांसकट.

घरी ही बातमी सांगितली.

"अहो, पण यात मिळतं काय?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"मान मिळतो."

"गेल्या खेपेच्या अधिकाऱ्यांना मिळाला होता तसलाच ना?"

मी गप्प बसलो. गेल्या खेपेच्या अधिकाऱ्यांनी मतमोजणीनंतर आठवड्याभरात बार्शीला बदली मागून घेतली होती.

वास्तविक सोलापूर हे काही युनियनच्या बाबतीत नवखं गाव नाही. इथं पहिली कापडगिरणी सुरू झाली ती १८७७ साली. मे १९३० मध्ये या शहरावर मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चौघे येरवड्यात फासावर गेले. इथं मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांत घोषणा देता येतात आणि चारही भाषांत भांडता येतं. गिरणी कामगारांच्या नशिबी मात्र मतपेटी नव्हती. त्यांना लागू असलेल्या १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात कामगारांचा प्रतिनिधी कोण, हे गुप्त मतदानाने ठरत नसे; सभासदसंख्येवरून ठरे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत जो गिरणी संप सुरू झाला, त्यात हा कायदा रद्द करा अशीही एक मागणी होती. तेव्हा आपल्याला चिठ्ठी टाकून पुढारी निवडता येतो ही काही लहान गोष्ट नव्हे, असं मी स्वतःला बजावलं आणि नियमावली मागवली.

नियमावली सायक्लोस्टाईलच्या काळातली होती. 'प्रचार' या सदरात चार ओळी. ध्वनिक्षेपक लावू नये. मिरवणूक काढू नये. मतदानापूर्वी ४८ तास प्रचार बंद करून भित्तिपत्रके काढून टाकावीत. युनियनच्या पैशाचा कोणत्याही उमेदवाराने उपयोग करू नये. शेवटच्या ओळीखाली कुणीतरी पेन्सिलीने 'बघू' असं लिहून ठेवलं होतं.

म्हटलं, कायद्यात तरी बघावं. ही दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, म्हणजे तेव्हा १९२६ चा ट्रेड युनियन कायदा चालू होता. त्यात पदाधिकारी कसे निवडायचे ते तुमच्या नियमावलीत लिहा, एवढं म्हटलेलं. २००१ च्या दुरुस्तीनंतर त्यांची मुदत ३ वर्षांहून जास्त नको, हेही. प्रचाराबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे कायदा नियमावलीकडे बोट दाखवत होता आणि नियमावली 'बघू' म्हणत होती.

रिंगणात दोन पॅनल होती. जुन्या पॅनलचे उमेदवार आमचे अण्णा. चार मुदती सरचिटणीस, पेशाने हेड कॅशियर आणि स्वभावाने अख्ख्या जिल्ह्याचे मामा. समोर नव्या पॅनलचा एक तरुण, ज्याला सगळे 'इंजिनियर' म्हणत, कारण तो इंजिनियर होऊन क्लार्क झाला होता.

पहिली तक्रार आली ती इंजिनियरविरुद्ध. प्रचार शुक्रवारी सकाळी ९ ला बंद व्हायचा होता आणि गृहस्थाने ८ वाजून ५५ मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस लावला होता. स्टेटस चोवीस तास टिकतो.

"मी पाच मिनिटं आधी लावलंय, सर," तो म्हणाला. "नंतर लोक बघतात त्याला मी काय करू?"

युक्तिवाद बिनतोड होता. मी रात्रभर विचार केला आणि निर्णय दिला, की स्टेटस ही भिंतच आहे, फक्त ती खिशात मावते. सबब भित्तिपत्रकाचा नियम तिलाही लागू. त्याने मुकाट्याने काढून टाकला. जाता जाता त्याने मला तो स्टेटस पाहणाऱ्यांची यादी दाखवली. पहिलं नाव तक्रारदाराचं होतं.

दुसरी तक्रार जुन्या पॅनलच्या पत्रकाबद्दल. पत्रक उलटलं तर मागे कर्जाचा अर्ज. बँकेचा कागद, बँकेचंच झेरॉक्स मशीन. "रद्दी होती हो," असा खुलासा आला. मी म्हटलं, मालकाच्या कागदावर कामगारांची निवडणूक लढवायची म्हणजे सासऱ्याच्या पैशाने हुंडाविरोधी परिषद भरवण्यासारखं आहे. त्यांनी पैसे भरले. मला फार बरं वाटलं. आपण या कामासाठीच जन्मलो होतो, उगाच बँकेत गेलो, असंही वाटून गेलं.

मतदान झालं. ३१२ सभासद, २९७ मतं. अण्णा ९ मतांनी निवडून आले. गुलाल पडला, पेढे वाटले गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या काउंटरवर तिसरी तक्रार आली. तक्रारीचा विषय होता हुर्डा.

सोलापूरकराला जानेवारीत हुर्ड्याबद्दल निःपक्षपाती राहायला सांगणं हीच मुळात क्रूरता आहे. शेतात गोवऱ्यांची आगटी पेटलेली, त्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजलेली, हातावर चोळून काढलेला तो गरम हिरवा दाणा, बरोबर शेंगाचटणी, गूळ, दही... असो. मतदानाच्या चार दिवस आधी अण्णांनी २८ सभासदांना मिनीबस करून मोहोळकडच्या एका शेतावर नेलं होतं. मलाही बोलावणं होतं. पदाला जागून मी नाही म्हटलं आणि त्या दिवशी घरी दुधीची भाजी खाल्ली. लोकशाहीसाठी लोकांनी याहून मोठे त्याग केले आहेत हे मला मान्य आहे; पण त्या दिवशी एकही आठवला नाही.

तक्रारदाराची मी रीतसर साक्ष घेतली.

"तुम्ही स्वतः गेला होता?"

"पुरावा गोळा करायला गेलतो, साहेब."

"किती खाल्ला?"

"पुरावा भरपूर होता," तो खाली मान घालून म्हणाला.

हुर्डा ही लाच आहे की पाहुणचार, यावर दोन्ही बाजूंनी मला कायदा शिकवला. अण्णांच्या बाजूचं म्हणणं, की हुर्ड्याने मत फिरत असतं तर आजवर सोलापुरात विरोधी पक्षच उरला नसता. वकिली शिकणाऱ्या माझ्या भाच्याने तेवढ्यात मला अमेरिकेत नेलं. तिथं १९५९ च्या लँड्रम-ग्रिफिन कायद्याने युनियनच्या निवडणुकीची शिस्त घालून दिली आहे. उमेदवाराच्या प्रचाराला युनियनचा पैसा वापरायचा नाही आणि मालकाचाही नाही. नियम मोडला म्हणून लगेच निवडणूक रद्द होत नाही. त्या मोडण्याने निकाल बदलला असण्याची शक्यता आहे का, हे पाहतात. टीमस्टर्स नावाच्या तिथल्या बलाढ्य युनियनची १९९६ ची निवडणूक रॉन कॅरी जिंकले. युनियनचा पैसा वळणावळणाने त्यांच्या प्रचारात आला हे उघड झालं आणि १९९७ मध्ये निवडणूक रद्द झाली. पुन्हा उभं राहायलाही त्यांना बंदी झाली. १९९८ च्या फेरनिवडणुकीत जेम्स हॉफा निवडून आले, म्हणजे १९७५ साली जे बेपत्ता झाले ते कधीच न सापडलेल्या जिमी हॉफांचे चिरंजीव.

हे वाचून मी घाबरलो. पैसा! हुर्डा कुणी खाल्ला याची चौकशी सगळ्यांनी केली होती. बसचं भाडं कुणी दिलं, हे कुणीच विचारलं नव्हतं. मी खजिनदारांकडून व्हाउचरं मागवली. 'संघटन दौरा, मिनीबस भाडे, रुपये ६,५००.' तारीख तीच.

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला व्हाउचर वाचता येतं. त्या रात्री मला झोप आली नाही. माझे वडील इस्पितळात होते तेव्हा तीन रात्री बाहेरच्या बाकावर बसून काढलेला माणूस म्हणजे अण्णा. चौथ्या दिवशी सकाळी तिथूनच ते तडक कॅशवर गेले होते. अशा माणसाच्या व्हाउचरवर मी बोट ठेवायचं होतं.

सकाळी त्यांच्या घरी गेलो.

"काय करलालास बे तू हे?" अण्णा म्हणाले. "मी पैसे खाल्ले का?"

"नाही, अण्णा."

"मग?"

"हुर्डा खाल्ला."

"तो सगळ्यांनी खाल्ला!"

"सगळ्यांनी नाही. अठ्ठावीस जणांनी. पैसे ३१२ जणांचे."

अण्णा काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. कॅशियर आणि क्लार्क समोरासमोर गप्प बसले की दोघांच्याही मनात भागाकार चालू असतो. माणशी २० रुपये ८३ पैसे. आमच्या शाखेतला शिपाई दरमहा न चुकता वर्गणी भरतो. त्याला त्या बसमध्ये कुणी बोलावलं नव्हतं. त्याचेही त्यात २० रुपये ८३ पैसे होते.

चहा आला. तो बिनसाखरेचा होता. वहिनी दाराआडून ऐकत होत्या हे मला त्यावरून कळलं.

मी निर्णय लिहिला: फरक ९ मतांचा, बसमध्ये २८ मतं, भाडं युनियनचं; सबब सरचिटणीसपदाची निवडणूक पुन्हा घ्यावी. जुन्या पॅनलची मंडळी खवळली. निबंधकाची संमती घेऊन औद्योगिक न्यायालयात जाण्याची वाट महाराष्ट्रात तेव्हा होती, वकीलही ठरला. अण्णांनीच सगळ्यांना खाली बसवलं.

"पोरांच्या वर्गणीतनं बस केली ते चुकलं, आता तिच्यातनंच वकील करायचा होय?" ते म्हणाले आणि ६,५०० रुपये भरून पावती घेऊन गेले. पावती माझ्याच हातची होती. त्यांनी ती दोनदा तपासली.

तीन आठवड्यांनी पुन्हा मतदान झालं. ना बस, ना स्टेटस, ना पत्रक. अण्णा ५ मतांनी पडले. इंजिनियरच्या गळ्यात पहिला हार त्यांनीच घातला आणि माझ्याकडे न बघता घरी गेले. पुढे वर्षभर ते माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले, म्हणजे "शंभराच्या किती?" एवढंच. मी बार्शीच्या बदलीचा अर्ज दोनदा लिहिला आणि दोनदा फाडला.

आता तो १९२६ चा कायदाही राहिला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि तिच्यात पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीचा वाद न्यायाधिकरणाकडे नेण्याची सोय आहे. चांगलं आहे. पण माझा अनुभव असा, की न्यायाधिकरण शेवटी जे विचारील ते आधी आपल्यातल्याच कुणीतरी, ज्याच्या घरचा चहा आपण प्यालो आहोत त्याला, विचारावं लागतं. त्याला काही कुठल्या संहितेने सोपं केलेलं नाही. नियमावलीत आम्ही एक ओळ वाढवली: मतदानापूर्वीच्या महिन्यात कोणत्याही उमेदवाराने हुर्डा देऊ नये. ठराव इंजिनियरने मांडला. अनुमोदन अण्णांनी दिलं.

त्यानंतरच्या जानेवारीत एका रविवारी दारावरची बेल वाजली. दारात अण्णा. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी गरम, आणि त्याचा तो धुरकट वास जिन्यापासून वर आलेला.

"निवडणूक नाही, काही नाही," अण्णा म्हणाले. "मी आता कुणीच नाही. खा."

सौभाग्यवतींनी ताट मांडलं. शेंगाचटणी आली, गूळ आला, दही आलं. आम्ही तिघे खाली बसलो. पहिला घास तोंडाशी नेला आणि काय झालं कोण जाणे, बावीस वर्षांची सवय म्हणा, माझ्या तोंडून निघून गेलं,

"अण्णा, गाडीभाडं कुणी दिलं?"

अण्णांनी खिशातून रिक्षाची चाळीस रुपयांची चिठ्ठी काढून ताटाशेजारी ठेवली. ती त्यांनी आधीच लिहून आणली होती.