भूमीचे दोन वाटेकरी



आपल्या जुन्या सी-प्लस-प्लस लायब्ररीची पायथन बाइंडिंग्ज तू दोन पॅकेजांत वाटणार म्हणतोस, तर हात घालण्याआधी एवढं वाच. माझे चार दिवस यातच गेले.

माझी पॅकेजं दोन, ‘भूमी.आकार’ आणि ‘भूमी.नकाशा’. माझ्या मशीनवर सगळं सुरळीत चालत होतं. टीममधल्या एकीने ‘नकाशा’ एडिटेबल इन्स्टॉल केलं, आणि तिच्याकडे ‘आकार’ सापडेच ना! शोधत गेलो तर ‘नकाशा’च्या ‘भूमी’ फोल्डरमध्ये एक रिकामी इनिट फाईल. पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, इनिट नसलेले एकाच नावाचे फोल्डर वेगवेगळ्या ठिकाणी असले तरी पायथन ते जोडून घेतो. पण त्यातल्या एकात जरी इनिट असली, तर तोच फोल्डर म्हणजे अख्खं पॅकेज असं तो धरतो, मग तो शोधवाटेवर मागे का असेना. माझ्याकडे दोन्ही पॅकेजं एकाच साइट-पॅकेजेसमध्ये मिसळली होती, म्हणून चूक झाकली गेली. फाईल काढली, प्रश्न मिटला. ‘आकार’ आणि ‘नकाशा’ यांच्या आतल्या इनिट मात्र राहू देत, काढायची ती फक्त सामाईक नावाच्या पातळीवरची.

खरा घोर पुढे होता. ‘बिंदू’ हा क्लास ‘आकार’मध्ये बांधलेला आणि ‘नकाशा’चं एक फंक्शन तोच परत देतं. नुसतं ‘नकाशा’ इम्पोर्ट करून फंक्शन चालवलं की टाइपएरर. म्हणून ‘नकाशा’तही ‘बिंदू’ बांधला, तर दोन्ही एकत्र इम्पोर्ट करताच बाइंडिंग्ज बांधणारं पायबाइंड११ म्हणालं, हा टाइप आधीच नोंदलेला आहे. बरोबरच आहे रे, एका जमिनीचे दोन सातबारे कसे निघतील? ‘मॉड्यूल-लोकल’ लिहून वाट निघते, पण मग पायथनच्या लेखी ते दोन वेगळे क्लास होतात आणि आयझइन्स्टन्स फसवतं. मला ते अजिबात पटत नाही. ‘बिंदू’चं घर ‘आकार’च ठेवलं, आणि ‘नकाशा’च्या मॉड्यूल ब्लॉकची पहिली ओळ ‘आकार’च्या इम्पोर्टची केली.

दोन्ही पॅकेजांची व्हील पायबाइंडच्या जुळणाऱ्या आवृत्त्यांवर आणि जुळणाऱ्या कंपायलरने बांध. नाहीतर प्रत्येकाची टाइपांची नोंदवही वेगळी होऊ शकते आणि एकाचा ‘बिंदू’ दुसऱ्याला ओळखता येईलच असं नाही. तू कोणती आवृत्ती धरली आहेस ते कळव, मी माझी बिल्ड फाईल तिच्याशी जुळवून पाठवतो.

तुझाच,
जुना सहकारी